जरा जास्त आहे

शनिवारी सकाळी पावणेनऊला बसस्थानकावर मिस्त्रीचा फोन वाजला, तेव्हा त्याच्या खोलीत राहणारा पाहुणा तिकिटांच्या रांगेत उभा होता. नंबर देशातला होता, पाहुण्याच्या थोरल्या भावाचा. मिस्त्री दोन पावलं मागे सरला आणि खांबाच्या आड जाऊन त्याने फोन घेतला. आड का गेला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या घरचा फोन अवेळी आपल्याला येतो, तेव्हा डोक्याआधी पायांना कळतं.

"त्याचा फोन लागत नाही," भाऊ म्हणाला. मागे दवाखान्याचा गलका होता.

मिस्त्रीने सांगितलं, की शनिवारी तो फोन बंद करून मोज्यांच्या खणात ठेवतो. पाहुणा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होता. तिथला मुकादम सुट्टीच्या दिवशी हमखास जादा पाळीला बोलवायचा आणि 'नाही' हा शब्द पाहुण्याच्या तोंडात कधी बसलाच नव्हता. फोनच बंद असला की नाही म्हणायची वेळ येत नाही, एवढीच त्याची अक्कलहुशारी.

"बरं, मग तुम्हीच सांगा त्याला. अण्णांचं जरा जास्त आहे. पण मिस्त्री, एकदम अंगावर टाकू नका. काहीतरी खायला घाला आणि मग सांगा, उपाशीपोटी नको. आणि..." इथे भावाचा आवाज फुटला.  "बाकी तुम्ही समजदार आहात."

फोन बंद झाला. समजदार माणूस खांबाला टेकून उभा राहिला.

आपल्या लोकांत माणूस सरळ मरत नाही. तो जातो, सुटतो, त्याचं सोनं होतं. लांब राहणाऱ्या मुलाला कळवायचं असेल, तर तो तेवढंही करत नाही, त्याचं नुसतं 'जरा जास्त' असतं. हा कोश मिस्त्रीला स्वतःच्या अंगावर काढून पाठ झाला होता. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या काकांनी असाच फोन केला होता, की तुझ्या वडिलांचं जरा जास्त आहे, निघून ये. मिस्त्री निघाला. दोन विमानं आणि एक जीप बदलत, मांडीवर औषधांची पिशवी जपत निघाला. त्यातली एक बाटली थंड ठेवायची होती, म्हणून हवाई सुंदरीच्या दहा वेळा विनवण्या करून त्याने तिच्याकडून बर्फ मागून घेतला. वाटेत त्याने सगळं ठरवून टाकलं होतं, मोठ्या शहरातला डॉक्टर कोणता, खोली कुठे घ्यायची, म्हाताऱ्याला पथ्याचं कोण करून घालेल. घराच्या वळणावर जीप थांबली तर दारात चपलांचा ढीग. चुलतभावाने अग्नी देऊन तीन दिवस झाले होते. काका म्हणाले, अरे, तुला प्रवासात त्रास नको म्हणून नाही सांगितलं. मिस्त्रीने ती बाटली अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी रिकामी केली आणि मनाशी गाठ मारली, की यापुढे आपल्याला कुणी 'जरा जास्त' सांगितलं, तर आपण फसणार नाही.

दुधाने तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो. मिस्त्रीने भावाला उलट एक प्रश्न विचारला नाही. त्याला गरजच वाटली नाही. अण्णा, म्हणजे पाहुण्याचे वडील, गेले, हे त्याने खांबाच्या आड उभ्याउभ्याच नक्की करून टाकलं.

पाहुणा तिकिटं घेऊन आला. त्याचा डावा गाल टम्म सुजला होता. गुरुवारी दाढ काढली होती आणि दोन दिवस गडी दुधावर होता. "खिडकी मिळाली," तो वाकड्या तोंडाने म्हणाला. मिस्त्रीने मान हलवली आणि त्याच्या मागोमाग बसमध्ये चढला.

मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. परदेशात येऊन त्याला चौदा वर्षं झाली होती आणि त्यातली आठ त्याने उभ्याने जेवून काढली होती, ओट्याशीच, पातेल्यातून. मग एकदा ओळखीच्या ओळखीतून हा आला. चार दिवस राहतो, खोली मिळाली की जातो, म्हणाला. चार दिवसांची सहा वर्षं झाली, म्हणून त्याचं नाव पाहुणा. तो आला आणि खोलीत दुसरं ताट आलं, मग दोन खुर्च्या आल्या, मग जेवताना बोलणं आलं. शनिवारची टूमही त्याचीच. इतक्या लांब येऊन मी नुसत्या चादरी बघायच्या आणि तुम्ही नुसती लिफ्टची भोकं, याला काय अर्थ आहे, असं म्हणून त्याने फ्रिजच्या दारावर चाळीस ठिकाणांची यादी चिकटवली. दर शनिवारी एक ठिकाण. किल्ले झाले, धरणं झाली, एका राजाची बूट ठेवायची खोलीसुद्धा झाली. आजचं ठिकाण होतं दोन तासांवरच्या गावातलं दीपगृह आणि तिथल्याच टेकडीवरचा रोपवे.

बस सुटली. आता सांगावं, मिस्त्रीच्या मनात आलं. पण शेजारी एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. परक्या माणसांच्या घोळक्यात बापाची बातमी कशी द्यायची? शिवाय पाहुणा उपाशी होता. त्याने पाहुण्याला बिस्किटांचा पुडा पुढे केला. पाहुण्याने गालाकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने हळूच फोनवर विमानं पाहिली. देशात जाणारं पहिलं विमान उद्या पहाटेचं होतं, त्याआधी काहीच नव्हतं. म्हणजे आत्ता सांगितलं काय आणि संध्याकाळी सांगितलं काय, हा पोचायचा तेव्हाच पोचणार. मधले तास फक्त रडण्याचे. ते त्याला बसमध्ये, रस्त्यात, लोकांसमोर कशाला द्यायचे?

हिशेब चोख होता. अति शहाण्याचा असतो तसा.

आणि खरं सांगायचं तर, त्यात थोडा स्वार्थही होता, तो मिस्त्रीने स्वतःपासून लपवला नाही. धुलाईघराचा करार महिनाभरात संपत होता. पाहुणा आता गेला की परत येईल, याची खात्री नव्हती. घरी गेला, की घर त्याला सोडणार नाही. म्हणजे हा शेवटचा शनिवार. मेलेल्या माणसाला आता कसलीच घाई नाही, मग आपल्याला एक दिवस मिळाला तर कुणाचं काय जातं, असं त्याला वाटलं. वाटलं त्याच क्षणी त्याची त्यालाच लाज वाटली, पण त्याने तोंड उघडलं नाही.

अण्णा आणि पाहुणा यांचा दोन वर्षं अबोला होता. धाकट्या बहिणीच्या लग्नाला पाहुण्याला रजा मिळाली नाही. मुकादमाला नाही म्हणता आलं नाही, हे खरं कारण. अण्णा भर मांडवातून फोनवर म्हणाले, आता माझ्या तिरडीलाही येऊ नकोस, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. पण तो अबोलाही कसा, तर भावाचा फोन आला की अण्णा मागून खड्या आवाजात विचारायचे, "विचार त्याला, जेवला का?" पाहुणा इकडून त्याहून मोठ्याने सांगायचा, "सांग त्यांना, जेवलो." दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू यायचं आणि तरी मध्ये अडकलेल्या भावाला प्रत्येक वाक्य पुन्हा बोलावं लागायचं. मिस्त्री ते ऐकून पोट धरून हसायचा. म्हणायचा, टपालखात्यानं सुद्धा इतकी हमाली केली नसेल.

गावात उतरले, तर सगळं धुक्यात बुडालेलं होतं. समुद्राचा आवाज येत होता, समुद्र दिसत नव्हता. दीपगृहाला दोनशे अकरा पायऱ्या होत्या आणि लिफ्ट नव्हती. एरवी मिस्त्रीने यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं असतं. आज तो मुकाट्याने चढला. निम्म्यावर पाहुणा थांबला आणि म्हणाला, "मिस्त्री, बरं नाही का तुम्हाला? दोनशे पायऱ्या चढताय आणि एक शिवी नाही."

"दम लागलाय," मिस्त्री म्हणाला.

वर गोल सज्जा होता. कठड्यावर पितळी पाट्या बसवलेल्या होत्या, इकडे अमुक बेट, तिकडे तमुक भूशिर. दिसत काहीच नव्हतं, चारी बाजूंना पांढरं. पाहुणा मात्र एकेका पाटीपुढे उभा राहून तिथे काय दिसायला हवं होतं ते वाचत फिरला. तिकिटाचं पुरेपूर बघून घ्यायची त्याची सवयच होती. त्याची पाठ वळली असताना मिस्त्रीच्या खिशात फोन थरथरला. भाऊच होता. मिस्त्रीने फोन कापला आणि घाईने लिहिलं, "अजून जेवला नाही. जेवल्यावर सांगतो."

लगेच उत्तर आलं, "सगळे थांबलोय. लवकर."

मिस्त्रीला समोर चित्र दिसलं. अंगणात माणसं जमलेली, कुणीतरी घड्याळ बघतंय, आणि आत अण्णांना खाली काढून ठेवलेलं. धाकटा येतो का, किती वेळ ठेवायचं, ही कुजबुज. त्याच्या वडिलांच्या वेळी हेच झालं असणार. त्याला त्या भावाची कणव आली. माणसाला असं ताटकळत ठेवणं बरं नव्हे, उद्याच्या विमानाने गेला तरी पोरगा परवाच पोचणार. त्याने लिहिलं, "विमान उद्याचं आहे. थांबू नका."

यावर उत्तर आलं नाही. भावाचा त्यानंतर फोनही आला नाही. मिस्त्रीला वाटलं, झालं, सुटला बिचारा, आता पुढचं उरकून घेतील. त्याने मनातल्या मनात अण्णांना हात जोडले. त्या माणसाला त्याने कधी पाहिलं नव्हतं, फक्त मागून येणारा आवाज ऐकला होता. विचार त्याला, जेवला का.

दुपारी खानावळीत त्याने पाहुण्यासाठी गरम सूप मागवलं. पाहुण्याने दोन चमचे घेतले, दाढेच्या जागी चटका बसला तसा चमचा ठेवून दिला. आता रात्री मऊ भात करू, तोच जाईल, म्हणाला. मिस्त्रीने सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि पाव घातला. दोन चमचे सूप म्हणजे खाणं नव्हे. उपाशीपोटी नको, असं भावाने बजावलं होतं. भावाचा शब्द मोडायचा कसा? जिवावर आलेलं काम टाळायला माणसाला दुसऱ्याचा शब्द फार उपयोगी पडतो. मिस्त्री मूग गिळून, म्हणजे पाव गिळून, बसून राहिला.

पाहुणा बोलत होता. मुकादमाने नवी इस्त्रीची यंत्रं आणली, त्यात चादर एकीकडून ओली जाते आणि दुसरीकडून घडी होऊन बाहेर पडते, माणसं निम्मी कमी होणार, करार बहुधा वाढणार नाही. सांगताना त्याला त्याचं फार वाईट वाटत होतं, असं नव्हतं. मिस्त्रीने मात्र उरलेला पाव बाजूला ठेवला.

रोपवेच्या पाळण्यात दोघंच होते. दारावर पत्र्याची पाटी होती, आठ माणसं, सहाशे किलो. मिस्त्रीने सवयीने दोराकडे पाहिलं, कप्पीकडे पाहिलं. अर्ध्या वाटेत वारा सुटला म्हणून चालवणाऱ्याने पाळणा थांबवला. खाली झाडं होती की पाणी होतं, काही कळत नव्हतं. पाळणा हलत होता आणि कुठेतरी लोखंडाला लोखंड घासत होतं.

"घाबरायचं कारण नाही," मिस्त्री म्हणाला. "ब्रेक चांगला आहे."

"मी नाही घाबरत. तुम्ही आहात की." पाहुणा काचेला कपाळ टेकून बसला होता. बऱ्याच वेळाने, बाहेर बघतच, तो म्हणाला, "मिस्त्री, उद्या मी अण्णांना फोन करणार आहे. दादाकडून नाही. त्यांच्याच नंबरवर. मला तो पाठ आहे, दोन वर्षं लावला नाही, तरी पाठ आहे."

मिस्त्रीने पुन्हा दोराकडे पाहिलं.

"काय म्हणायचं ते पण ठरवलंय. आधी म्हणणार, अण्णा, जेवलात का? ते शिव्या देतील. देऊ देत. मग सांगणार, करार संपतोय, घरी येतोय, आता तुमच्या डोक्यावर बसतो." तो हसला आणि गाल दुखला म्हणून हात लावला. "म्हातारा रडेल बघा. वरून कडक आहे, पण रडेल."

 आता तरी सांग, आता तरी, असं मिस्त्रीचं मन ओरडत होतं. पण हवेत लोंबकळणाऱ्या पेटीत, खाली जमीन दिसत नसताना, कुणाला कसं सांगायचं की तू एक दिवस उशीर केलास? त्याने पाहुण्याच्या पाठीवर हात ठेवला. हात तसाच ठेवला. पाहुण्याला बहुतेक वाटलं, मिस्त्रीलाच भीती वाटतेय, म्हणून तोही जरा सरकून जवळ बसला. दहा मिनिटांनी पाळणा हलला. टेकडीवर पोचले, तिथेही धुकंच होतं. एक फोटो काढला आणि परतीची बस धरली.

सहाला खोलीत आले. पाहुणा सरळ मोज्यांच्या खणाकडे निघाला, तर मिस्त्रीने त्याला अडवलं. "आधी जेव. फोन कुठं पळून जात नाही." त्याने भात टाकला, मुगाची डाळ घालून अगदी गुरगुट्या केला, मीठ चाखलं, वर तूप सोडलं. ताट पाहुण्यासमोर ठेवलं आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसला. पाहुणा उजव्या बाजूने, एकेक घास तोंडात घोळवत जेवू लागला. दोन दिवसांचा उपाशी, पण दाढ घाई करू देत नव्हती. वाटीभर भाताला त्याने अर्धा तास लावला. मिस्त्री प्रत्येक घास मोजल्यासारखा बघत होता. शेवटचे दोनतीन घास राहिले, तेव्हा त्याला वाटलं, आता पोटात आधार झाला.

"पाहुण्या," तो म्हणाला, "अण्णा गेले."

पाहुण्याचा हात ताटातच राहिला. "कधी?"

"सकाळी. आपण बसस्थानकावर होतो, तेव्हा दादाचा फोन आला होता. तुला जेवू घालून सांग म्हणाले."

पाहुण्याने भाताकडे पाहिलं. मिस्त्रीला वाटलं होतं, तो ओरडेल, दिवसभर का सांगितलं नाही म्हणून अंगावर येईल. तसं काही झालं नाही. तो म्हणाला, "म्हणून तुम्ही गप्प होतात. एकट्यानं वागवलंत दिवसभर." आणि त्याने डाव्या हाताने मिस्त्रीचं मनगट धरलं. मिस्त्रीला रडू आलं. आपण बरोबर वागलो, असं त्याला त्या दिवसात पहिल्यांदाच वाटलं.

मग पाहुणा उठला, हात धुतले, खणातून फोन काढून चालू केला आणि भावाला लावला. खोली लहान, भावाचा आवाज मोठा, पलीकडचा शब्दन् शब्द मिस्त्रीला ऐकू येत होता.

"दादा, अण्णा..." पाहुणा म्हणाला.

 मग भाऊ म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"म्हणजे?"

"आत्ता तर... वीस मिनिटं झाली असतील. मी अजून खाली पण उतरलो नाही, कुणालाच सांगितलं नाही. तुला कुणी सांगितलं?"

पाहुणा वळला. मिस्त्री खुर्चीत होता, तिथेच होता.

भाऊ आता रडत रडत बोलत होता आणि त्याला थांबता येत नव्हतं. अण्णा सकाळपासून शुद्धीवर होते. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते, पण बोलत होते. त्याला फोन लाव, आता मीच बोलतो, मध्ये तू नको, असं म्हणत होते. नळीमुळे आवाज जेमतेम निघत होता, तरी फोन उशाशी ठेवून घेतला होता. आम्ही सगळे थांबलो होतो तुझ्या फोनसाठी. "आणि दुपारी मिस्त्रींच्या फोनवरून तुझा निरोप आला, थांबू नका म्हणून. मी तो अण्णांना नाही सांगितला. सांगितलं, गाडीत आहे, रेंज नाही, लावेल. मला तुझा राग आला रे तेव्हा. पुन्हा फोनच नाही केला."

"मी नाही पाठवला निरोप," पाहुणा म्हणाला.

मिस्त्री उठून उभा राहिला. त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडले ते पाहुण्यासाठी की फोनसाठी, ते कळलं नाही. "तुम्ही म्हणालात, जरा जास्त आहे. आपल्याकडे गेल्यावरच म्हणतात ना तसं? गेल्यावरच म्हणतात."

"अहो, जास्त होतं म्हणून जास्त म्हटलं," भाऊ म्हणाला. "दुसरं काय म्हणायचं होतं मी?"

 अकरा वर्षं जपून ठेवलेला मिस्त्रीचा कोश एका सरळ वाक्यापुढे फोल ठरला. त्या भल्या माणसाने आयुष्यात एकदा खरं ते खरं सांगितलं होतं, आणि ऐकणारा समजदार निघाला.

पाहुण्याने फोन ठेवला. पहाटेचं विमान आहे, निघतो, एवढं भावाला सांगितलं होतं. मग तो खुर्चीत येऊन बसला, मघा बसला होता तिथेच. त्याच्या आवाजात राग नव्हता. हरवलेली वस्तू शेवटची कुठे पाहिली, हे आठवत माणूस मागे मागे जातो, तसा तो विचारत होता.

"आपण दीपगृहावर होतो तेव्हा होते?"

"होते," मिस्त्री म्हणाला.

"मी सूप सोडलं तेव्हा?"

"होते."

"पाळण्यात? मी म्हणालो, उद्या फोन करतो म्हणून?"

मिस्त्रीने मान हलवली. पण पाहुणा उत्तराची वाट बघत राहिला, तेव्हा त्याला तोंडाने म्हणावं लागलं, "होते."

"आणि परतताना बसमध्ये मी झोपलो होतो, तेव्हा."

"होते."

पाहुण्याने ताटाकडे पाहिलं. दोनतीन घासांचा भात कडेला वाळायला लागला होता. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच कमी होते. मिस्त्रीनेही घड्याळाकडे पाहिलं, मनात वीस मिनिटं वजा केली आणि त्याला कळलं, पुढचा प्रश्न कोणता येणार.

"आणि आत्ता? मी जेवत होतो तेव्हा?"

खोटं बोलायची सोय होती. आज दिवसभर ती होतीच. मिस्त्री खुर्चीची पाठ धरून उभा होता, त्याने ती सोडली.

"तू जेवायला बसलास, तेव्हा होते," तो म्हणाला. "पहिले चार घास घेतलेस, तोवर होते."